दीड फुटाची फट

आमच्या जुन्या गल्लीत घराच्या दर्शनी भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही, असा नियम आहे. दीडशे वर्षांचा दगड आहे, मान्य. पण त्याच्या सांध्यांतून धूळ येते, ओल येते, आणि माझ्या बायकोला दमा. कमी विजेत राहता येईल अशी घरं बांधणं हा माझा धंदा. म्हटलं, लोकांना शहाणपण शिकवतो ते आधी स्वतःच्या घरी करून दाखवू.

दगडी भिंतीपासून दीड फूट सोडून मी आतून चुना-भुशाच्या विटांची दुसरी भिंत घेतली. मधल्या फटीत शिरून दगडाचे सांधे चिकटपट्टीने बंद करायचे होते. गवंडीकाकांचं पोट आडवं आलं, माझंही. बायको आम्हाला हसली आणि अंग चोरून आत शिरली. अर्ध्या तासाने खोकत बाहेर आली आणि आम्ही उरलेल्या विटा लावून टाकल्या. गाळलेली हवा आत आणायला यंत्र बसवलं, खिडक्या कायमच्या बंद केल्या. दार ओढलं की कानांना दडे बसायचे. मी महिनाभर हवेत होतो.

भिंत पुरी झाली त्या दिवसापासून बायकोला धाप लागली नाही. "बघ, सांगत होतो ना?" मी म्हणायचो. ती नुसती मान हलवायची.

मग यंत्राबरोबर लावलेल्या हवेच्या मीटरकडे लक्ष गेलं. बंद घरात माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो. आकडा बघून आत किती माणसं आहेत ते मी सांगू शकतो. आम्ही दोघं घरात असताना आकडा एकाचाच यायचा. मीटर बदलला, तरी तोच.

रविवारी दुपारी तिला घरात ठेवून मी गल्लीत जाऊन उभा राहिलो. फोनवर आकडा उतरत गेला आणि बाहेरच्या हवेइतका झाला. रिकाम्या घरात होतो तसा. ती खिडकीच्या काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती. काचेवर वाफ धरत नव्हती.

सरळ सांगतो, स्वतःच्याच घरात परत जायची मला भीती वाटली. पण तिला सोडून जाणार कुठे?

आत जाऊन नव्या भिंतीला कान लावला. पलीकडे बारीक शिट्टी वाजत होती, अडखळत. पंधरा वर्षं तो आवाज माझ्या उशीशेजारी होता.

मी गवंडीकाकांना बोलावून घेतलं.

"एवढं जीव लावून केलेलं काम, साहेब. बाईंना विचारलंत?"

"फोडा."

बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी बसली होती. तिच्याकडे बघायचा मला धीर होईना.

काकांनी छिन्नी टेकवली, हातोडा उचलला.

"काका, थोडं बाजूला मारा," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "तिथे माझं डोकं आहे."