बेटावरचा शंख

कळंबच्या खाली मांजरा नदी एका ठिकाणी दोन अंगांनी वाहायची आणि मधल्या गाळाच्या उंचवट्यावर पंधरा-वीस घरं होती. लोक त्याला नुसतं बेट म्हणत. वांगी, काकडी, खरबुजं तिथं अशी पिकत की बघणाऱ्यानं बघत राहावं. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी तुडवून माणसं पलीकडच्या थडीला, म्हणजे काठावरच्या गावाला, जात, पावसाळ्यात वाळक्या भोपळ्यांच्या सांगडीवरून. पण नदी दुथडी भरली की सांगड चालत नसे. मग एकच उपाय उरे, थडीच्या अण्णाराव पाटलाची होडी.

पुराच्या दिवसांत दर सोमवारी, ऊन उतरताना, थडीच्या महादेवापुढं नगारा वाजे. तो थांबला की बेटावरून म्हातारे महांतप्पा शंख फुंकत. नगाऱ्यानं विचारायचं, आहात का? शंखानं सांगायचं, आहोत. शंख ऐकल्यावरच थडीची माणसं देवळातून उठत. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

रेवणप्पा गुरुजी आळंदच्या बाजूचे. बेटावर आले आणि तिथलेच झाले. लिंबाच्या झाडाखाली वाळू पसरून ते पोरांना अक्षरं गिरवायला लावत. एकच अक्षर दहादा चुकलं तरी त्यांचा आवाज चढत नसे. निजाम सरकारची मंजुरी मिळाली तर बेटावर खरी शाळा होणार होती. पाट्या, फळा, पक्की खोली. नाही मिळाली तर ही पोरं जन्मभर थडीची गुरं राखणार, हे गुरुजींना स्वच्छ दिसत होतं. मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, दसऱ्याच्या सुमाराला साहेब येणार, असा निरोप आला होता.

त्या साली लढाईमुळं घासलेट मिळत नव्हतं आणि श्रावणात नदी उतरायचं नाव घेत नव्हती. कमलबाईची शिवकांता तापानं फणफणली. गुरुजींची सगळ्यांत हुशार पोर ती. वाळूत काढलेलं अक्षर पाण्यानं पुसलं तर ते कुठं जातं, असं विचारणारी. तिला कळंबच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. महांतप्पांनी सकाळपासून काठावर उभं राहून शंख फुंकला. पलीकडं बाभळीला बांधलेली होडी सगळ्यांना दिसत होती. पाटलाकडं पाहुणे आले होते आणि होडी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. ती सुटली नाही. दिवस बुडायच्या आत पोर गेली.

पुढच्या सोमवारी नगारा वाजला. महांतप्पांनी शंख तोंडाशी नेला, तोच कमलबाईनं त्यांचा हात धरला.

"फुकू नका, आप्पा. काय सांगायचं त्यांस्नी? आमी जित्ते हाव म्हणून? बुडाले समजू द्या मेल्यांला!"

"रीत हाय, पोरी," महांतप्पा म्हणाले आणि त्यांनी गुरुजींकडं पाहिलं. शहाण्या माणसाचा शब्द बेटावर चाले.

गुरुजींच्या कपाळाची शीर उडत होती. "कमलबाईंचं बरोबर आहे. जळू दे त्यांचा जीव थोडा."

शंख खाली आला. नगारा थांबला, परत वाजला, परत थांबला. अंधार पडेस्तोवर तो विचारत राहिला. त्याच्या पुढच्या सोमवारीही. मग एका सोमवारी तो वाजलाच नाही.

पूर ओसरला, पण बेट काही वाळेना. भिंतींना ओल धरून राहिली. चुलीत लाकूड घातलं की ते नुसतं सुसू करी. भाकरीलासुद्धा गाळाचा वास येई. पावसाळा लांबला, असं सगळे एकमेकांना सांगत. कमलबाई दिसेनाशी झाली. माहेरी ईटला गेली असेल, कुणीतरी म्हणालं. तिला पलीकडं कुणी सोडलं, ते मात्र कुणी विचारलं नाही.

एकदा थडीचा गुराखी बलभीम पोहत बेटावर आला. झाडाखाली शाळा भरली होती. तो सरळ लिंबावर चढला आणि कुऱ्हाडीनं डहाळ्या तोडू लागला. डहाळ्या पोरांच्या मधोमध पडायला लागल्या.

"डोळे फुटले का रे तुझे?" समोरच्या घरची नीलम्मा दारातून ओरडली. "खाली लेकरं बसलीत की, मुडद्या!"

तो उतरला तसा गुरुजींनी त्याचा दंड पकडला. बलभीमच्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळे घट्ट मिटून तो "महादेवा, महादेवा" असं पुटपुटला, आणि डहाळ्या तिथंच टाकून पाण्यात शिरला.

"माजलेत," गुरुजी म्हणाले. "आपल्याशी बोलायचंसुद्धा नाही, असं ठरवलंय त्यांनी."

साहेब आला तो दिवस लख्ख उन्हाचा. थडीवर टांगा थांबला. इकडं गुरुजींनी पोरांना न्हाऊमाखू घालून काठावर उभं केलं होतं. साहेबानं कपाळावर हात धरून पाहिलं. पोरांनी हात हलवले, एका सुरात हाका मारल्या. साहेब पाटलाशी काही बोलला, पुन्हा एकवार पाहिलं, आणि टांग्यात बसून निघून गेला.

पोरं बराच वेळ हात हलवत राहिली.

गुरुजींनी बेटावरच्या कोंडीरामला सांगड काढायला लावली. सांगड थडीला लागल्यावर कोंडीराम म्हणाला, "तुमी व्हा म्होरं. मला पाण्याभाईर न्हाय येता येत."

अण्णाराव पाटील देवळाच्या ओट्यावर बसले होते. भोवती गावातली माणसं होती. गुरुजींना पाहून कुणी दचकलं नाही. सगळे हळूच उभे राहिले.

"या, मास्तर," पाटील म्हणाले.

"साहेब का परत गेला? तिकडं कोणी राहत नाही असं सांगितलंत ना तुम्ही?"

"म्या काय बी सांगितलं न्हाय. त्यानं बेट कुठंय ईचारलं, म्या बोट दावलं. तो म्हणला, हितं तर पाणीच हाय."

"खोटं! माझी सगळी पोरं उभी होती तिथं! एक पोर मारलीत होडी अडवून, आता उरलेल्यांची शाळा मारता? लाज नाही वाटत?"

पाटलांची मान खाली गेली. "चुकलं आमचं. लई चुकलं. शंख वाजंना तसा आमचा जीव ऱ्हाईना. पर पाणी असं चढलं..." ते मध्येच थांबले. "समदे असेच रागानं येत्यात, मास्तर. आदी ती पोरीची आई आली. होडी फोडा म्हणली. फोडली."

बाभळीखाली फळ्यांचा ढीग पडला होता.

गुरुजींनी वळून नदीकडं पाहिलं. उन्हात पाणी चकाकत होतं. या काठापासून त्या काठापर्यंत. मधे फक्त लिंबाचा शेंडा वर होता.

"उन्हानं दिसत नाही," ते म्हणाले.

"व्हय," पाटील हळू म्हणाले. "तुमचं काय ऱ्हायलंय, मास्तर? मनात ठिवू नका. सांगा."

"शाळा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम थकला होता. "पोरांना शाळा हवी."

"देतो. हितंच, देवळाच्या ओवरीत. एक पोर बी गुरांमागं जाणार न्हाय. महादेवाची आण." पाटलांनी हात जोडले. मागची माणसंही एकेक करून पुढं आली. "आमी समदे बघू. शाळा हुईल. आता राग सोडा."

इतक्या दिवसांत गुरुजींशी कुणी असं बोललं नव्हतं. छातीतला जाळ निवत गेला. सकाळपासून पोटात काही नाही, हे त्यांना आत्ता जाणवलं.

पाटलांची बायको तारामती पत्रावळ घेऊन आली. तिनं ती गुरुजींच्या हातात दिली नाही. समोर जमिनीवर ठेवली, आणि पाठ न दाखवता मागं सरली. दही कालवलेला भात होता. कुणी हलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पत्रावळीवर होते.

गुरुजी उकिडवे बसले आणि त्यांनी एक घास उचलला.

"घेतला," तारामती कुजबुजली.

माणसांनी श्वास सोडले. मग खांद्यावरचे पंचे काढून सगळे अंघोळीला नदीकडं निघाले.