खंडेनवमीची ट्रायल

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्यासमोर, माझ्या मुलीच्या हातावर घडलेली आहे.

चाळीस वर्षं मी कीर्तनं ऐकत आलोय. आख्यान रंगवताना बुवा दोन गोष्टी पदरच्या घालतात, हे मला ठाऊक आहे. मला ते आवडतंही. पण इथे मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

साल १९९६. दिवस खंडेनवमीचा. जागा बेंगळूरची, के. आर. पुरमच्या रेल्वे रुळांपलीकडची एक बंद फॅक्टरी.

आणि वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते. छपराच्या पत्र्यांतून लख्ख ऊन आत येत होतं...

ऊन होतं, म्हणून तर स्वतःची समजूत घालता येत नाही.

राजाजीनगरला आमचं छोटं मशीन शॉप. दोन जुने लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. त्या वर्षी पंपाच्या व्हॉल्व्हचं मोठं काम येऊ घातलं होतं. भाग, म्हणजे आमच्या भाषेत जॉब, गोल; पण त्याला बाजूने एक आरपार भोक. लेथवर गोल करायचा, काढायचा, ड्रिलिंगला पुन्हा बांधायचा. या काढघालीत केसभर फरक पडायचा. दोनदा नमुने परत आले होते. तिसऱ्यांदा आले असते, तर काम गेलंच होतं.

माझी मुलगी शिवानी तेव्हा चोवीस वर्षांची. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, वर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, शिकलेली. नातेवाईक टोमणे मारायचे, 'पोरीच्या हाताला मेंदी लावायची की ग्रीस?' ती हसून सोडून द्यायची. पण हे काम आमच्या हातून गेलं असतं, तर तेच लोक जिंकले असते.

ती म्हणाली, "अप्पा, लाइव्ह टूलिंगवाला सीएनसी लेथ घेऊ या. साध्या लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असतं. यात जॉब थांबतो आणि हत्यार स्वतः फिरतं. एकदा धरला, की भोक पाडूनच बाहेर."

"चालवणार कोण?"

"मीच. तुम्ही चालवणार? टीव्हीचा रिमोट उलटा धरता तुम्ही!"

आम्हाला परवडणारं नवं मशीन साधंच होतं. लाइव्ह टूलिंगचं एकच होतं, त्या बंद फॅक्टरीतलं. जुनं, जपानी, दोन वर्षं ताडपत्रीखाली झाकलेलं.

खंडेनवमीला, म्हणजे आमच्याकडच्या आयुधपूजेला, सगळ्या बेंगळुरात मशीन धुऊन पुसून पूजतात. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, दारात फोडलेला कोहळा. एकदा पूजा झाली, की त्या मशीनला हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळीच सुरू करायचं. वर्षातून तेवढीच त्याची विश्रांती.

आमची पूजा आटोपली आणि फोन वाजला.

फॅक्टरीच्या किल्ल्या सांभाळणारा म्हातारा शेषगिरी बोलत होता. कन्नडमध्ये म्हणाला, "सार, होसूरची पार्टी उद्या सकाळी मशीन घ्यायला येतेय. ट्रायल बघायची तर आजच बघा."

विमला, माझी बायको, आरतीचं ताट घेऊन उभी होती.

"अहो, आज हत्यार चालवायचं नसतं."

"आपलं चालवायचं नसतं. ते मशीन अजून आपलं कुठं झालंय? आणि बंद फॅक्टरीत पूजा कोण करणार? पूजाच नाही, तर नियम कसला?"

"बुवांना विचारा की एकदा."

मी विचारलं नाही. देवाच्या नियमांत पळवाटा काढणाऱ्या शहाण्यांवर बुवा कीर्तनात हसवतात. सगळ्यात मोठ्याने मीच हसतो.

फॅक्टरीत शेषगिरीने दार उघडलं, मेन स्विच दाखवला.

"तुम्ही बघा, सार. मी गेटवर आहे."

"आत ये की."

"नको. स्वल्प गुडघे दुखतात." असं म्हणून तो जवळजवळ पळतच गेला.

शिवानी ड्रिलची पेटी उघडत होती. मी ताडपत्री ओढली. धुळीचा लोट उठला. बोटभर धूळ होती वर...

आणि खाली मशीनच्या दारावर कुंकवाची तीन बोटं ओढलेली होती.

लालभडक.

मी बोट लावून पाहिलं.

ओलं होतं.

आता जे लिहितोय, ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. या मशीनची पूजा झालीय. आज याची विश्रांती आहे. मी तिथेच हात जोडून परत फिरायला हवं होतं.

पण डोळ्यांपुढे होसूरची पार्टी उभी राहिली. परत आलेले नमुने दिसले.

मी खिशातून रुमाल काढला... आणि ती तीन बोटं पुसून टाकली.

"काय पुसताय, अप्पा?"

"धूळ गं."

मशीन सुरू झालं. पोरीने नमुन्याचा गज धरला, आकडे भरले, बटण दाबलं. काय सुंदर चाललं म्हणून सांगू! कापल्याचा आवाज एका सुरात. मग जॉब थांबला. मागचं हत्यारांचं चक्र वळलं, ड्रिल पुढे आलं, स्वतःच फिरू लागलं आणि बाजूने अलगद आत शिरलं. भोक पाडून मागे सरकलं.

"बघितलंत?" शिवानी नाचायचीच बाकी होती. "न काढता, न बांधता!"

तेवढ्यात सगळं गप्प झालं.

गेटवरून शेषगिरी ओरडला, "करंट गेलं, सार!"

त्या काळी वीज रोजच जायची. मी भिंतीशी जाऊन मेन स्विचही खाली ओढून बंद केला. मशीनपासून दहा पावलांवर होतो मी.

शांतता होती. तेल ठिबकत होतं... टप... टप...

मग तेही थांबलं.

आणि कापराचा वास आला.

मी वळलो. शिवानीने मशीनचं दार सरकवलं होतं. वीज नाही म्हटल्यावर तिने हात आत घातला होता. भोकाची कड बोटाने चाचपत होती. ड्रिलचं टोक तिच्या मनगटापासून वीतभर लांब.

टक... टक...

दारावर कुणीतरी बोटाने वाजवलं. आत कुणी आहे का, असं विचारावं तसं.

"अप्पा, तुम्ही वाजवलंत?"

मी उत्तर द्यायच्या आतच ती झटक्याने मागे आली. पाठीवर पडली.

आणि ड्रिल फिरलं.

वीज नव्हती. मेन स्विच माझ्याच हाताने खाली ओढलेला. तरी ते गरगरलं... पुढे आलं... आणि जिथे तिचं मनगट होतं, तिथपर्यंत येऊन थांबलं.

मी धावलो. तिला उठवलं.

"किती जोरात ओढलंत, अप्पा..."

"मी? मी तर तिकडे होतो गं."

तिने हात पुढे केला. हाताला तेल, काळं लागलेलं. आणि मनगटावर तीन बोटं उमटलेली.

लालभडक. ओली.

शेषगिरीला मी गेटवर गाठलं. शिवानीचं मनगट पाहून तो खालीच बसला.

"हे मशीन त्रिविक्रम चालवायचा, सार. चांगला माणूस. दार उघडायच्या आधी दोनदा टकटक करायचा. आम्ही चिडवायचो, आत काय सासुरवाडी आहे? चार वर्षांपूर्वी याच दिवशी त्याने पूजा केली. मग मालकाने अर्जंट काम काढलं. तो नको म्हणत होता. मालकाने कुंकू पुसायला लावलं, मशीन सुरू करायला लावलं..." तो थांबला. "हात सापडला. दवाखान्यापर्यंत पोचला नाही."

"आणि आता ही पूजा कोण करतं?"

"किल्ली माझ्याकडेच असते, सार. मी नाही करत."

परतीच्या वाटेवर मी ठरवून टाकलं होतं. हे मशीन नको. साधं नवं घेऊ, काम गेलं तर गेलं. तसं बोललोही.

शिवानी मनगटावरच्या खुणा बघत होती. मग म्हणाली, "अप्पा, त्याने माझा हात वाचवला. होसूरवाल्यांना हे कोण सांगणार? ते उद्या घेऊन जातील आणि पुढच्या खंडेनवमीला अर्जंट काम काढतील. आपण निदान विश्रांती तरी देऊ."

त्याच संध्याकाळी मी इसार भरला.

मशीन राजाजीनगरला आलं. नमुने पास झाले. शिवानीने पुढे कितीतरी वर्षं ते चालवलं. तिला कधी ओरखडा आला नाही. खंडेनवमीला आम्ही आदल्या संध्याकाळीच त्याची वायर काढून ठेवतो. सकाळी पूजेचं ताट घेऊन शटर उघडतो, तेव्हा दारावर कुंकवाची तीन बोटं असतात. किल्ली माझ्याच जानव्याला असते. शिवानी हसते, नमस्कार करते आणि त्याच्या नावाचा एक नारळ जास्तीचा ठेवते.

मी बुवांना सांगितलं. रुमालाचं सोडून सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "काहीतरी राहिलंय. आख्यान मधूनच तुटतंय तुमचं."

मी पाया पडून निघून आलो.

तिला ओढणारा त्रिविक्रम होता, हे शिवानीइतकंच मीही मानतो. पण मग वीज नसताना ते ड्रिल फिरवलं कोणी?

मागच्या खंडेनवमीला नारळ ठेवताना तिने सहज विचारलं, "अप्पा, त्या दिवशी ड्रिल आपोआप फिरावं, इतका राग कशाचा आला असेल हो? आपल्याला तर पूजा झाल्याचं ठाऊकच नव्हतं."

मी खिशात हात घातला. रुमाल चाचपला...

आणि म्हणालो, "चल, आरती करू."