एकशे अठरा

"एकशे ब्याण्णव! अगं बये, बसलेय ना मी… नुसती बसलेय!"

हे मी मनगटावरच्या घड्याळाला सुनावत होते, अगदी हळू. तलावाकाठच्या त्या बाकावर आपल्याशिवाय कुणी नाही अशी माझी समजूत. पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक जण बुटाची नाडी बांधायला वाकला होता, आणि त्याची वाकलेली पाठ हसून हलायला लागली.

"सॉरी हं," तो सरळ होत म्हणाला, "पण एकशे ब्याण्णव म्हणजे मागे वाघ लागलेला असायला हवा."

"पनवेलात मागे फक्त रिक्षावाले लागतात."

"तेच असतील मग. घड्याळाचंच रीडिंग आहे, की… छातीचा पट्टा आहे?"

'छाती' म्हणताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की मला तो शब्द ओठांवरून वाचावा लागला. तेव्हाच मला तो आवडला असावा. आता वाटतं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मी हेतल. वय चौतीस. कामोठ्यात आठवी-नववीचे विज्ञानाचे क्लास घेते. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर डोळे मिटून काढू शकते. चौतिसाव्या वर्षी बाईला 'मुलगी' म्हणतात ते फक्त लग्न जमवताना, आणि आमच्या घरी तो उद्योग दहा वर्षं चालला होता. त्या डिसेंबरात मी सगळ्यांना सांगून टाकलं की आता स्थळं बंद, मी धावणार. दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं, बूट आणले, आणि ठोके मोजायचा पट्टा मागवला. डब्यातल्या कागदावर एका उघड्या, सपाट छातीच्या पुरुषाचं चित्र होतं. त्यावरून बाईने काय ते समजून घ्यायचं. मी समजले ते असं, की पट्टा शमीजवरून लावायचा. गार प्लास्टिक उगाच अंगाला कशाला?

त्याचं नाव अपूर्व. बेलापूरला नोकरी, कामोठ्यात घर, रोज सकाळी सहाला तलावाच्या पाच फेऱ्या.

"माझ्या फोनला जोडून बघू का? घड्याळ चुकतंय की पट्टा, ते तरी कळेल."

त्याने जोडलं. फोनवरही एकशे ब्याण्णवच आले. जोडणी मात्र काढायची राहून गेली, आणि त्या दिवसापासून माझे ठोके त्याच्या फोनवर जायला लागले. घरच्यांना न विचारता कुणी आपली पत्रिका देऊन टाकावी, तसं झालं ते.

"थंडीत हवा कोरडी असते ना," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "म्हणून पट्टा ओला करून लावायचा. म्हणजे… जिथे टेकतो तिथे."

"कुठे टेकतो?"

"तिथेच," तो पाण्यातल्या बगळ्याला म्हणाला.

त्याने मला बॅटरी बदलायला सांगितली. ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. फडफडणारा टी-शर्ट नको, सुती घाल म्हणून सांगितलं. पट्टा कपड्याच्या आत लावायचा, एवढं एक सोडून सगळं सांगितलं. मीही विचारलं नाही. सभ्यपणा दोघांच्यातही ठासून भरलेला. मी आपली शमीजवरून पट्टा ओला करायची आणि दोन फेऱ्या कुडकुडत पळायची. सुरुवातीची दहा मिनिटं आकडे माकडासारखे उड्या मारायचे. घाम आला, कापड भिजलं, की शहाण्यासारखे वागायचे.

फेऱ्या संपल्या की आम्ही काशिरामच्या टपरीवर चहाला जायचो. आधी 'तुम्ही' होतं. चार दिवसांत कधी 'तू' झालं, आठवत नाही… नाही, आठवतं. पण ते जाऊ दे.

"एकशे अठरा," एका सकाळी तो फोनकडे बघून म्हणाला.

"काय?"

"तू. बसून चहा पितेयस आणि एकशे अठरा. आत्ता तर नव्वद होते."

"आत्ता म्हणजे कधी?"

"म्हणजे… ग्लास देताना बोट लागलं ना… त्याच्या आधी."

मी चहात फुंकर घातली. चहा कधीचाच निवला होता.

"पट्टा ढिला आहे."

"रोज चहाच्याच वेळी ढिला होतो?"

"होतो एखादा."

"मग घट्ट कर की."

"घट्ट केला की श्वास अडकतो माझा."

 ग्लासाच्या काठावरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "बरंय, मी पट्टा लावत नाही. नाहीतर तुला कळलं असतं…"

"काय कळलं असतं?"

"माझाही होतो. चहाच्या वेळी."

काशिराम आमच्याकडे बघत उगाचच एकच किटली तीनदा पुसत होता. जानेवारीतलं ते कोवळं ऊन अपूर्वच्या कानावर पडलं होतं आणि कान लाल दिसत होता. घरी येताना मी रिक्षा केली नाही. चालत आले, आणि वाटेत बसस्टँडवर उगाचच एका अनोळखी बाईची पिशवी उचलून दिली.

आमच्या भामा आत्याला न सांगता कळलं. आत्या लग्न झाल्यावर तरुणपणी मिठागरात राबलेली. नवरा गेल्यापासून आमच्याकडे. तिच्यापुढे काही लपत नाही.

"कोन हाय तो?"

"कोण कोण?"

"ज्याच्यासाठी सकाळी पाचाला उठून येनी घालतेस तो. धावाया येनी कशाला लागते गो?"

जानेवारीच्या शेवटी अपूर्व म्हणाला, "आईला भेटशील?" आणि मी भेटले. सुनीताताई गोड बाई. आमचं गाव कुठलं, सरकारने जमीन घेतली तेव्हा आम्ही कुठे राहायला आलो, सगळं आपुलकीने विचारलं. पोहे स्वतः केले होते, वर भरपूर खोबरं. मे महिन्यात हॉल मिळतात का, इथवर गाडी आली. समोर अपूर्वचे काका बसले होते, अविनाशकाका, डॉक्टर. आणि अपूर्वला काय हौस! फोन काढून त्यांच्या हातात दिला.

"बघा काका, हिचा दम. आठ किलोमीटर पळते आता."

काकांनी चष्मा वर केला. आलेखावर सुरुवातीला मनोरेच मनोरे उभे होते. नव्वद, एकशे नव्वद, शंभर, दोनशे चार. त्यांनी बोटाने मागचे दिवस काढले. तिथेही मनोरे.

"हे… नेहमी होतं?"

"पट्टा ढिला असतो तिचा," अपूर्व हसत म्हणाला.

काका हसले नाहीत. "दाखवून घ्या हो एकदा," एवढंच म्हणाले आणि फोन टेबलावर ठेवला… उलटा. मे महिन्यातल्या हॉलचं पुन्हा कुणी काही बोललं नाही. निघताना सुनीताताईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "घाई कसली गं? आधी तब्येत."

त्यानंतर सगळं थंडावलं. हे मला नीट सांगायचंय, कारण कुणी वाईट वागलंच नाही. अपूर्वची ऑफिसची वेळ बदलली, त्यामुळे तो संध्याकाळी धावायला लागला. रोज सकाळी 'काळजी घे' असा मेसेज यायचा, खाली नमस्काराचे हात. आईने शेजारच्यांना सांगितलं, "त्यांच्याकडचं जरा पुढे गेलंय." बाबा म्हणाले, "मे नाहीतर डिसेंबर."  आत्या नुसती माझ्याकडे बघत पापड लाटायची. आणि मी? मी जिना चढताना मनगटाला बोट लावून ठोके मोजायची. फळ्यावर हृदय काढताना एकदा हात थांबला. मुलं म्हणाली, "मॅडम, डावा खालचा कप्पा राहिला."

पंधरा दिवसांनी डॉक्टरबाईंकडे गेले. सोबत आत्या. छातीवर वायरी लावून कागद काढला, सोनोग्राफी केली, सरकत्या पट्ट्यावर दमेपर्यंत पळवलं. मग बाई माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "काहीही नाही. छान हृदय आहे तुमचं."

"मग हे मनोरे?"

"पट्टा आणलाय? लावून दाखवा बघू. रोज लावता तसाच."

मी पडद्याआड गेले आणि लावून आले. बाईंनी कुर्ता वर करून बघितलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अहो… शमीजवरून?"

"मग?"

"कातडीला टेकायला हवा! आणि ब्राची पट्टी अर्धी त्याच्यावर आलीये. प्रत्येक पावलाला ती सरकते आणि त्याला ढकलते. मशिनला वाटतं तो एक ठोका. ब्राच्या पट्टीच्या खाली लावायचा, बोटभर अंतर ठेवून, आत, ओला करून. इतकाच घट्ट की पळताना घसरू नये. रोज धुवायचा. कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं," मी म्हणाले. "नीट लाव म्हणून."

आत्याने कपाळावर हात मारला. "एवरी शिकलेली पोर, नि पट्टा झग्यावर! अगो, आमी मिठागरान कमरेला फडका बांधायचो तो पन आतून बांधायचो!"

तिघी इतक्या हसलो, की बाहेरची नर्स डोकावली. हसता हसता मला रडू कधी आलं, ते कळलं नाही.

बाई म्हणाल्या, आता आणखी काही करायची गरज नाही. तरी मी एक महिना रोज पळाले. पट्टा आत, ओला, पट्टीखाली बोटभर. गार लागायचा, अंगावर शहारा यायचा, मग तोही माझ्यासारखाच गरम व्हायचा. आकडे टेकडीसारखे हळूहळू चढायचे आणि हळूहळू उतरायचे. एकही मनोरा नाही. सकाळी साडेसहा ते साडेसात तलाव सगळा माझा असायचा, आणि काशिराम दोन ग्लास काढून एक परत ठेवायचा.

"कोनासाठी जमवतेस गो हे आकडे?" आत्याने विचारलं.

"माझ्यासाठी."

"बरं," ती म्हणाली. पुढचं गिळून टाकलं. तोंडाशी आलेलं गिळताना आत्याला मी पहिल्यांदाच बघितलं.

मार्चच्या मध्यावर मी डॉक्टरांचा रिपोर्ट आणि महिन्याचे आलेख अपूर्वला पाठवले. खाली काही लिहिलं नाही. अकरा मिनिटांत उत्तर आलं. नमस्काराचे हात नव्हते.

'उद्या सकाळी तलावावर?'

तोच बाक. तो माझ्या आधी येऊन बसला होता, दाढी करून. शेजारी एक छोटा खोका, रिबन बांधलेला. मला बघितल्यावर उठून उभा राहिला, आणि खरं सांगते, माझे पाय जरा भरभर पडले. एवढ्या दिवसांनी, एवढं होऊनही. बाईची जात म्हणा… नाही, जात नाही. माझीच चूक.

"नवीन पट्टा आहे," खोका पुढे करत तो म्हणाला. "बायकांच्या मापाचा. दुकानात मी स्वतः विचारलं, हेतल. मोठ्याने विचारलं."

"शाब्बास."

"आई म्हणतेय, मेची अठरा तारीख चांगली आहे. हॉलवाल्याशी बोलणं झालंय तिचं. काका तर म्हणाले, असं हृदय पंचविशीतल्या पोरांचं नसतं." तो भराभर बोलत होता. त्याचा फोन आमच्या मधे बाकावर होता, आणि माझा जुना पट्टा अजून त्याला ओळखत होता. पडद्यावर आकडा उजळला. "सत्त्याहत्तर! बघ, किती शांत. पूर्वी मला बघून एकशे अठरा व्हायचे तुझे."

"तेव्हा पट्टा शमीजवर होता."

तो मोकळा हसला. ते हसू मला किती आवडायचं, हे त्या क्षणीही आठवलं, तेच वाईट.

"अपूर्व, एक विचारू?"

"दहा विचार."

"एकच. सात आठवडे कुठे होतास?"

"अगं, ऑफिसचं… आणि आईचं म्हणणं होतं की रिपोर्ट येईपर्यंत…"

"आईचं नाही विचारत. तुझं."

"आता कशाला ते? सगळं नीट आलंय ना!"

"नीट आलंय म्हणूनच विचारायला जमतंय. आकडे खरे निघाले असते तर?"

"निघाले नाहीत ना पण."

"निघाले असते तर, अपूर्व? मनोरे खरे असते… आणि मी आज याच बाकावर बसले असते, तर?"

तो तलावाकडे बघायला लागला. आज तिथे बगळाही नव्हता. त्याचा अंगठा खोक्याच्या रिबनवरून फिरत होता, पूर्वी ग्लासाच्या काठावरून फिरायचा तसा. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो मात्र आता फोनकडे बघत होता. शहाऐंशी. सत्त्याण्णव. एकशे नऊ. मी बाकावर नुसती बसले होते. पट्टा आत होता, ओला होता, पट्टीखाली बोटभर. त्याला दोष द्यायला कुठे जागाच नव्हती.

एकशे अठरा.

आकडा त्यानेही वाचला. फोन उलटा करायला हात पुढे नेला आणि तसाच मागे घेतला. मग पहिल्यांदाच, बगळा-बिगळा न शोधता, त्याने सरळ माझ्याकडे बघितलं.

"नसतो आलो, हेतल," तो म्हणाला.