लडी धरणारे हात

अशा गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. माझी भर दुपारची आहे, आणि खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. मला स्वतःलाच ती अजून पुरती पेललेली नाही.

मागच्या वर्षीचा अकरा एप्रिल. सोलापूर. सात रस्त्याच्या मागे एक तीन मजली इमारत आहे. तिथं दुसऱ्या मजल्यावर माझी प्रभाआत्या राहते.

एकटी.

आत्यानं लग्न केलं नाही. कचेरीत नोकरी केली, निवृत्त झाली. तिच्या समोरच्या घरात अनवरीखाला राहायच्या. दोघींची बत्तीस वर्षांची सोबत. इमारतीत कुणाकडे बाळ होणार असलं, की या दोघी त्याच्यासाठी लोकरीचं पांघरूण विणायच्या. वीण आत्या निवडायची, रंग खाला.

लोकरीची लडी आणली की आधी तिचा गुंडा करावा लागतो. ते एकटीचं काम नव्हे. एकीनं दोन्ही हातांवर लडी ताणून धरायची, दुसरीनं गुंडाळायचं. धरणारीला मनगटं हलवावी लागतात... एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तेव्हा कुठं धागा सुटा होऊन येतो.

लहानपणी मी ते बघत बसायची. आत्या ओवीची पहिली ओळ म्हणायची,

"लोकरीचा बाई धागा, किती लांब, किती लांब..."

आणि खाला आपल्या दखनी जिभेनं दुसरी पुरी करायच्या,

"शेजारणी माझ्या सखे, घडीभर तरी थांब."

जानेवारीत खाला गेल्या.

त्यांची मुलगी, राहत, हैदराबादहून आली. चाळिसाव्या दिवसाचं केलं, दाराला कुलूप लावलं, परत गेली. आत्यानं दार उघडलं की समोर ते कुलूप.

मार्चमध्ये आत्या न्हाणीत पडली. चार तास कुणाला कळलंच नाही.

तेव्हा बाबांनी मला सांगितलं, "उत्कर्षा, माझं ती ऐकत नाही. तुला सहावा महिना चालू आहे, तुला नाही म्हणायची नाही. पुण्याला घेऊनच ये तिला."

मी संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढूनच गेले.

"बाळाचं पांघरूण तिकडं येऊन विण की," मी म्हटलं.

"लोकर तरी इथली घेऊ दे," आत्या म्हणाली.

सकाळी नव्या पेठेत गेलो. दुकानदार इलाहीबक्षभाईंनी माळ्यावरून गठ्ठा काढला.

"एप्रिलात लोकर मागणारं गिऱ्हाईक सोलापुरात तुमीच," ते हसत म्हणाले. "आज लवकर आटपंल. भांडायला दुसऱ्या बाई न्हाईत की."

बोलून गेले, आणि एकदम लड्या मोजायला लागले.

मी फिकट पिवळा उचलला. आत्यानं ती लडी गालावर घासून पाहिली. मग मान वळवून शेजारी बघितलं. शेजारी कुणीच नव्हतं.

"फिका आहे म्हणते," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मीच की. दुसरं कोण आहे इथं?"

तिनं पिवळ्याबरोबर गर्द हिरवाही घेतला.

दुपारी अडीचला वीज गेली. पंखा थांबला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. डोळा लागत होता, तेवढ्यात बाहेरून आत्याचा आवाज आला.

"साबुदाण्याची वीण घेते. जाळीत बाळाची बोटं अडकतात."

मग काहीच नाही...

"बरं बाई, कडेला हिरवा. झालं समाधान?"

आणि ती बारीक हसली.

फोनवर असेल, मला वाटलं.

पण तिचा फोन माझ्या उशाशी होता.

मग ती ओवी म्हणायला लागली. पहिली ओळ म्हणाली... आणि गप्प झाली. दुसरी ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो, नेमका तेवढा वेळ. मग पुन्हा पहिली. पुन्हा तेवढंच गप्प.

त्या गप्प राहण्यात एक आवाज होता. सरसर... सरसर... धागा सरकल्याचा.

मीसुद्धा विणते. पुण्यात एकटी असते, तर गुडघ्यांवर लडी अडकवून गुंडा करते. दर चार वेढ्यांना धागा अडतो. थांबावं लागतं, सोडवावं लागतं.

हा धागा अडत नव्हता.

मी उठले. दाराशी गेले.

आत्या पलंगावर बसली होती, हातात गुंडा. समोर रिकामी खुर्ची. आणि खुर्चीच्या वर, बसलेल्या बाईच्या छातीच्या उंचीवर... ती पिवळी लडी.

ताणलेली. कशालाही न टेकलेली. लडीच्या मधून मला खुर्चीची पाठ दिसत होती.

ती डावीकडे कलली. मग उजवीकडे.

डावीकडे... उजवीकडे...

मी ओरडले नाही. नुसतं "आत्या" म्हणाले.

लडी थांबली. सैल झाली. ती पडली नाही हो... कुणीतरी उठताना मांडीवरचं काम खाली ठेवावं, तशी हळूच खुर्चीत ठेवली गेली.

मग समोरच्या बंद दाराचं कुलूप वाजलं. एकदाच.

मी दाराची चौकट धरली. आत्या मात्र वैतागली होती.

"जराशानं आली असतीस तर काय झालं असतं? एवढी लडी संपली असती."

"कधीपासून?" मला एवढंच विचारता आलं.

"राहत परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. न्हाणीत पडले तेव्हा चार तास माझ्याशी कोण बोलत होतं, असं वाटतं तुला?"

"तुला भीती नाही वाटत?"

"तिची? अगं, तीच घाबरलीय. तू मला न्यायला आलीस म्हणून सकाळपासून फुगून बसलीय. दुकानात नुसती रंगावरून कुरकुर."

मग आत्यानं लडी उचलली. बोटांनी नीट केली. आवाज एकदम खाली आला.

"मी पुण्याला आले तर मला तुम्ही सगळे आहात. तिला कोण आहे? गेल्यावर माणूस इतकं एकटं पडतं, मला माहीत नव्हतं गं."



संध्याकाळी मी एकटीच गाडीत बसले. बाबांना फोन केला. म्हटलं, "येत नाही म्हणते. काळजी नका करू, शेजार चांगला आहे."

ऑगस्टमध्ये मला मुलगी झाली. पांघरूण कुरियरनं आलं. मध्ये पिवळं, कडेला गर्द हिरवं. विणणाऱ्या बाईला हात ओळखता येतो. आत्याचा हात घट्ट. पिवळं घट्टच आहे.

हिरवी कड सैल हाताची आहे.

ओवी, माझी लेक, त्यात गाढ झोपते. मी तिच्या शेजारी जागी असते.

पूर्वी आत्या दिवसातून तीनदा फोन करायची. आता मीच लावते. तब्येत चांगली आहे, आवाजही खुलला आहे. फक्त बोलते ते असं, "आम्ही जेवलो. आम्ही जरा पडलो होतो."

काल म्हणाली, "बाळाला घेऊन ये की चार दिवस. आम्ही दोघी वाट बघतोय."

मी हो म्हणाले.

तिकीट अजून काढलेलं नाही.