अकरा वीसचे ठोके

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर एक मुलगी बसली होती आणि डावा हात जोरजोरात वरखाली हलवत होती. प्रूफांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन खालून येणारा तरुण थबकला.

"मधमाशी चावली का?"

"नाही हो. चालतेय मी."

"बसून?"

"पट्ट्याला काय कळतंय!" तिने मनगटावरचा काळा पट्टा दाखवला.

ती शब्दकोश छापणाऱ्या कंपनीत मुद्रितशोधक होती. दिवसभर खिडकीजवळ बसून दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. त्यातलं बसणं तिला विशेष आवडायचं. तो गोदामातला. छापखान्यातून मजल्यामजल्यावर प्रूफं पोचवायचा. नुकताच कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी उपक्रम काढला होता. हे पट्टे पावलं मोजायचे, काळजाचे ठोकेही मोजायचे, आणि सगळा हिशोब वेलनेसच्या बाईंच्या संगणकावर जायचा. ज्याची पावलं सर्वांत कमी, त्याने महिनाभर सकाळी सात वाजता कंपनीच्या अंगणात व्यायाम करायचा.

"सात वाजता मी माणसांत नसते," ती म्हणाली.

"मग कशात असता?"

"पांघरुणात."

तो हसला. गठ्ठा घसरला, तो सावरताना त्याची नजर तिच्यावर जरा जास्तच रेंगाळली…

"द्या इकडे. माझी दिवसाला अठरा हजार पावलं होतात. एका हातात माझा पट्टा, दुसऱ्यात तुमचा."

"पण ही लबाडी झाली!"

"चुका शोधणं तुमचं काम. तुम्हीच बघा बुवा."

तिने पाहिलं. चूक स्पष्ट दिसली. तरीही तिने पट्टा काढून दिला.

मग रोज सकाळी फाटकापाशी पट्टा द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. शिवाय अकरा वीसला तो प्रूफं घेऊन तिच्या टेबलाशी यायचाच. गठ्ठा ठेवायला असा कितीसा वेळ लागतो? त्याला सात मिनिटं लागत.

"'प्रेम' कोणत्या पानावर येणार आहे?" एकदा त्याने विचारलं.

"'प्रेत'च्या जरा खाली," ती मान वर न करता म्हणाली. "फार आशा ठेवू नका."

त्या आठवड्यात ती चालण्यात तिच्या विभागात पहिली आली. बक्षीस म्हणून मिळालेली पाण्याची बाटली पाहून आईने कपाळावर हात मारला. "तू? चालण्यात? अगं, कोपऱ्यावरून साखर आण म्हटलं की तुझे पाय दुखतात!"

आणि बुधवारी वेलनेसच्या बाईंचं बोलावणं आलं. बाई फार गोड बोलायच्या, म्हणून सगळे त्यांना घाबरून असत.

"बसा. दीर्घ श्वास घ्या. हा तुमचा आलेख. जिने चढताना ठोके शंभर… ठीक. पण रोज अकरा वीसला — पावलं शून्य आणि ठोके एकशे अठरा! सात मिनिटं! साडेअकराला पुन्हा पंचाहत्तर."

ती पडद्याकडे बघत राहिली. साडेअकराला तो चौथ्या मजल्यावर मोठ्या साहेबांसमोर उभा असतो. भल्याभल्यांची तिथे बोबडी वळते. तिथे पंचाहत्तर… आणि तिच्या टेबलाशी एकशे अठरा?

"गोदामातल्या त्या मुलाचंही हुबेहूब असंच," बाई म्हणाल्या. "साथ दिसतेय. म्हणून सोमवारपासून त्याची बदली गावाबाहेरच्या छापखान्यात, आणि तुम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे."

ती गप्प बसली असती तर बाटली घरात राहिली असती आणि तो गावाबाहेर गेला असता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केलेल्या तिला स्वतःची एक चूक सांगताना घाम फुटला.

"बाई… तो पट्टा माझ्या हातात नसतो. त्यांच्याच हातात असतो."

"मग हे ठोके त्यांचे?"

"हो."

"अकरा वीसला ते कुठे असतात?"

"माझ्या… टेबलापाशी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि तुमचे ठोके किती?"

"माहीत नाही. मी पट्टा घालतच नाही ना!"

"माझ्या तक्त्यात या आजाराला रकाना नाही," बाई म्हणाल्या. "बदली रद्द. बाटली परत. आणि दोघांनीही महिनाभर सकाळी सातला अंगणात यायचं. त्यांना मी सांगते सगळं."

सगळं! गुरुवारी अकरा वीसला कोणीच आलं नाही. प्रूफं दाराबाहेरच्या फळीवर ठेवलेली सापडली. शुक्रवारीही तसंच. त्या दोन दिवसांत तिच्या नजरेतून इतक्या चुका निसटल्या की मुख्य संपादकांनी तिला घरी जाऊन झोपायला सांगितलं.

सोमवारी सातला ती अर्धवट मिटल्या डोळ्यांनी अंगणात उभी राहिली. तो आला. जमिनीकडे बघत, दोन हात लांब उभा राहिला. हात मोकळे सोडले, मग खिशात घातले, मग पुन्हा बाहेर काढले.

"तुम्हाला… राग आला असेल," तो पुटपुटला.

"आला ना. दोन दिवस प्रूफं फळीवर! तिथे कबुतरं बसतात."

त्याने चटकन वर पाहिलं. समोर बाई अजून शिट्टी शोधत होत्या. त्याची नजर तिच्या मनगटावर गेली. आज पट्टा तिच्याच हातात होता. त्यावर आकडा लुकलुकत होता — एकशे बावीस.

"अजून व्यायाम सुरूच झाला नाही," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे."

"मग… पट्टा चुकत असेल."

"नाही," ती म्हणाली. "मी दोनदा तपासलंय. बरोबर आहे."