शिंगं टाकलेला शंख

चार शंख. ओक्सुन आजीची जाळी वजनकाट्यावर पालथी केली तर एवढेच निघाले. त्यातला चौथा इतका लहान, की यांगकाकूंनी तो परत समुद्रात टाकला.

यांगकाकू म्हणजे दम धरून तळाचे शंख काढणाऱ्या, गावातल्या पाणबुड्या बायांच्या प्रमुख. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की आजीला एक्क्याऐंशी वर्षं झाली, दम पुरत नाही, नजरही गेली. शनिवारपर्यंत जाळी भरली नाही तर तिने आता घरी बसावं. आजीने फक्त ओले हातमोजे पिळले. पासष्ट वर्षं पाण्यात उतरणारी बाई घरी बसून काय करणार, हे तिची नात बोराम पुरतं ओळखून होती.

"नजर गेली म्हणे!" बोराम धुसफुसली. "सकाळी माझ्या बाहीवरचा किमचीचा डाग तिने अंगणापलीकडून पाहिला."

"मग शंख गेले कुठे?" तिच्या मैत्रिणीने, सेबीने विचारलं.

खरा प्रश्न तोच होता. बंदराच्या भिंतीआडची उथळ, शांत खाडी गावाने म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवली होती. तिचं नावच 'आजींचा समुद्र'. पंचाहत्तरीच्या आतल्या बाईने तिथे हात घालायचा नाही; तिने बाहेर, भूशिराच्या टोकापाशी, लाटांत जायचं. हा रिवाज मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

हिवाळ्याची सुट्टी असल्यामुळे आलेले शंख निवडायचं काम पोरांकडे होतं. बोरामचा मामेभाऊ युचान सोलहून आला होता आणि कुरकुरल्याशिवाय त्याचा हात चालत नसे.

"तुमच्या गावचे शंखसुद्धा माणसाच्या अंगावर येतात," बोट चोखत तो म्हणाला.

बोरामने त्याला समजावलं, की टोकापाशी लाटा शंखाला उचलून आपटतात, म्हणून तो कवचाला लांब शिंगं काढतो आणि खडकांच्या फटीत अडकून राहतो. खाडीत लाटाच नाहीत, त्यामुळे तिथला शंख शिंगांच्या फंदात पडत नाही.

थोड्या वेळाने युचानची कुरकुर थांबली. "हा क्रेट बरा आहे. एकही टोचला नाही."

क्रेटवर नाव होतं मिरानमावशीचं. गावात सगळ्यांत खोल बुडी मारणारी आणि फक्त टोकापाशी जाणारी ती! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सेबीचं डोकं थंड. ती म्हणाली, असं तोंडावर विचारलं तर आपलीच खरडपट्टी निघेल; टोकापाशीही एखादा गुळगुळीत सापडतो म्हणून मावशी मोकळी होईल. त्यांनी अख्खा क्रेट उपसला. तळाच्या एका शंखावर बोरामचा हात थांबला.

दोन वर्षांपूर्वी वसंतात तिने आणि आजीने टोकापासचे बारा छोटे शंख लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून खाडीत सोडले होते. ठिपका केव्हाच निघून गेला होता. पण ह्या शंखाच्या जुन्या वेढ्यांवर शिंगं होती आणि नंतर वाढलेला वेढा साफ गुळगुळीत होता.

संध्याकाळी बाया शेकोटीभोवती बसल्या. जिथे धूर येत नाही ती जागा सगळ्यांत तरबेज बाईची, म्हणजे मिरानमावशीची. बोरामने फळीवर तीन शंख मांडले.

"यांगकाकू, युचान म्हणतो, शंख पाहून जागा सांगता येते ही तुमची नुसती बढाई आहे."

युचानने दचकून तिच्याकडे पाहिलं. पण बाया डिवचल्या गेल्या होत्या, आणि मिरानमावशी तर कुणाला पुढे होऊ देणारी नव्हतीच. तिने पहिला उचलला.

"हा टोकाचा. आंधळासुद्धा सांगेल. हा दुसरा खाडीतला. आणि हा..." तिने तिसरा उजेडात फिरवला. "जन्मला टोकाला, वाढला खाडीत. कुणीतरी हलवलाय याला."

"मी आणि आजीने," बोराम म्हणाली. "आणि दुसरा-तिसरा, दोन्ही तुमच्या क्रेटमधले आहेत, मावशी."

सगळ्यांच्या माना मिरानमावशीकडे वळल्या. मग मावशी खाली बघत सांगू लागली. शरद ऋतूपासून तिचा उजवा कान खोल पाण्यात दाभण खुपसल्यासारखा दुखत होता. रिकाम्या हाताने परतलं तर ही जागा जाणार, म्हणून ती येताना खाडीत वळायची. दोन-चारच घ्यायचे ठरवले होते, मग हात थांबला नाही.

यांगकाकूंचा चेहरा कठीण झाला. पण नुकसान आजीचं, म्हणून बोलायचा मान तिचाच होता. आजीने तो शंख घेऊन शिंगं संपतात तिथे अंगठा फिरवला.

"याला शांत पाण्यात आणलं, याने शिंगं टाकली. लाजला नाही. तू मात्र शिंगं घेऊन बसलीस." आणि तिने आपल्या चटईवर जरा सरकून घेतलं. "इकडे ये, धुरात. उद्या डॉक्टरांना कान दाखव. आमच्या खाडीत पुन्हा दिसलीस तर दुसरा मी उपटीन."

मावशी उठली आणि आजीजवळ जाऊन रडली.

यांगकाकूंनी भाजलेले शंख आधी पोरांच्या हातावर ठेवले. "नजर ओक्सुनबाईंची नाही, माझी गेली होती," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तुमची शाबूत आहे, पोरांनो." मावशीचा क्रेट पोरांनी, फळीवरचे दोन्ही शंख धरून, अंधार पडायच्या आत खाडीत रिकामा केला. त्यातही युचानला टोचायला काहीच नव्हतं.

शनिवारी आजीच्या जाळीत एकवीस शंख निघाले. बाविसावाही होता, अर्धा शिंगांचा, अर्धा गुळगुळीत. तो तिने वजनकाट्यापर्यंत येऊच दिला नाही. भिंतीआड वाकून तिने त्याला पाण्यात सोडलं, ते फक्त बोरामने पाहिलं.