मिठाच्या पाण्यातला अर्धा तास

आमचं लग्न ठरलंय. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. अजून काहीही झालेलं नाही. मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी आहे आणि माझ्या हातात परक्या माणसाच्या बरगडीचा तुकडा आहे.

मी नाकाच्या सर्जन मॅडमची मदतनीस. नाकाचा कणा बसलेला असेल तर बरगडीची कूर्चा, म्हणजे तिच्या टोकाचं मऊ हाड, कोरून त्याला आधार द्यायचा. अडचण एकच — कोरल्यावर ही कूर्चा वाकते. म्हणून तुकडा अर्धा तास मिठाच्या पाण्याच्या वाटीत ठेवायचा; वाकायचा असेल तर नाकात बसवण्याआधीच वाकू दे. मॅडम तोवर पेशंटच्या छातीला टाके घालतात, मी वाटीवर पहारा देते.

पेशंटच्या उशाशी भूल देणारे डॉक्टर. बाहेरून फक्त मंगळवारी यायचे. पहिल्याच मंगळवारी त्यांनी विचारलं, "एवढं काय बघताय? उकळी येणार आहे का?"

मी हसले. तिथेच घात झाला.

असे बारा मंगळवार... नुसते डोळे, भुवया आणि वाटी. ऑपरेशन संपलं की मी मास्कसकट पसार. कारण लहानपणी मी झोपाळ्यावरून पडले, तेव्हा माझं नाक डावीकडे निघालं, ते अजून परतलेलं नाही. दादा म्हणतो, "हिला सायकलवर डावीकडे वळताना हात दाखवावा लागत नाही." दर मंगळवारी नाकं सरळ होताना बघणाऱ्या माणसाला हे दाखवायचं कसं?

बाराव्या मंगळवारी तुकडा पाण्यात पडला आणि ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून मी नाही. दुसऱ्या गावी नोकरी लागलीय... आज तरी चहाला थांबा."

"नको."

"का?"

"माझं नाक वाकडं आहे."

"माहितीये की."

मी मान वर केली.

"भूल देणारा आधी श्वास कुठून जातो ते बघतो. तुमचा मास्क उजवीकडेच हलतो. डावी नाकपुडी जवळजवळ बंद आहे. पहिल्या दिवसापासून बघतोय."

"तुम्ही पेशंटकडे बघायचं असतं!"

"पेशंटला मॉनिटर आहे. तुम्हाला कोणी नाही..."

मॉनिटर शांतपणे टिकटिकत होता. माझ्या छातीला लावला असता, तर सगळं हॉस्पिटल धावत आलं असतं.

"वाटीकडे लक्ष आहे ना गं?" मॅडमनी टाका घालता घालता विचारलं.

"हो, मॅडम."

"वाटी इकडे आहे."

तुकडा सरळ राहिला, नाकात नीट बसला. पेशंट शुद्धीवर येऊन वॉर्डात गेला आणि बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून मी डोळे मिटून मास्क काढला.

"बोला ना काहीतरी! मॅडम सरळ करून देते म्हणतात, पण बरगडी काढावी लागेल."

"श्वासाची वाट तेवढी मोकळी करून घ्या. बरगडी राहू द्या — ती काढली की कित्येक दिवस हसताना दुखतं. मग मी काय बोलायचं तुमच्याशी? आणि भूल दुसऱ्याकडून घ्या... माझा हात थरथरेल."

चहा तीनदा मागवला. तिन्ही वेळा गार झाला.

तरी हॉस्पिटलच्या माननीय अधीक्षकांना नम्र विनंती की, गेले बारा मंगळवार पुन्हा घेण्यात यावेत. या खेपेस अर्जदार पहिल्याच दिवशी चहाला थांबेल. रुग्णांची हरकत नसावी. ते झोपलेलेच असतात.